खेळाडूचें मोल : गेल्या सालचे गुण आणि पुढचीं वर्षें

आमच्या वाचकवर्गांतील एका वयोवृद्ध भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांचीं नातवंडें, सख्खीं, चुलत, मावस व आते मिळून बाराजणें, कांहीं पुण्यास आणि बरींचशीं अमेरिकेंत विखुरलेलीं आहेत. हीं भावंडें गेलीं कांहीं वर्षें 'फँटसी फुटबॉल' नांवाचा एक खेळ आपसांत खेळतात. लग्नकार्याचा प्रसंग सोडला, तर बाराहि जणें एकमेकांशीं बोलतात तीं या खेळाच्या निमित्तानेंच. आतां त्यांतील एक नातू सारखा हरत असल्यामुळें कंटाळला आहे. आपल्या संघांतले सर्व तरुण खेळाडू देऊन टाकून एक नामांकित, परंतु वयानें थोराड झालेला खेळाडू घ्यावा, आणि एवढ्यानेंहि यश न आलें तर खेळच सोडावा, असा त्याचा विचार चालला आहे. "यांत हिशेब म्हणून कांहीं असतो, कीं सगळें नशिबावर?" असें या भगिनींनीं विचारलें आहे.

प्रश्न पोरखेळाविषयींचा दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटीं एक जुना आणि वजनदार प्रश्न आहे. मनुष्यानें आजवर जें केलें त्यावरून तो पुढें काय करील याचें अनुमान कसें बांधावें? मुलगी देतांना, दुकानांत मुनीम ठेवतांना, विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति देतांना हाच प्रश्न आपणांपुढें उभा राहतो. आणि बहुतेक वेळां गेल्या सालच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवून आपण मोकळे होतों. आमचें उभें आयुष्य मुलांच्या गुणपत्रिका भरण्यांत गेल्यामुळें या विषयाकडे आमचें मन ओढलें जावें हें साहजिकच आहे. म्हणून या महिन्यांत या खेळाचा हिशेब वाचकांपुढें थोडा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ खेळाची ओळख करून घेऊं. अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. तेथें लंबगोल चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दींत शिरावयाचें असतें. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. मैदानाचें माप यार्डांत, म्हणजे आपल्या वारांत, मोजतात. चेंडूसह शेवटची रेघ ओलांडली म्हणजे 'टचडाउन' झालें. आपल्या विषयापुरते तीन प्रकारचे गडी ध्यानांत ठेवले तरी पुरे. चेंडू फेंकणारा आणि सर्व डावाचीं सूत्रें हलविणारा तो क्वार्टरबॅक; चेंडू पोटाशीं धरून प्रतिपक्षाच्या गर्दींत घुसणारा तो रनिंग बॅक; आणि दूर पळत जाऊन फेंकलेला चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. या खेळाच्या मुख्य संघटनेंत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमध्यें, ३२ संघ आहेत. २०२१ सालापासून प्रत्येक संघाच्या वांट्यास हंगामांत १७ सामने येतात. त्यापूर्वीं बरींच वर्षें ते १६ असत.

या खऱ्या खेळाच्या पाठीवर दुसरा एक मानीव खेळ उभारलेला आहे. १९६२ सालीं ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख हे संघाबरोबर न्यूयॉर्कास गेले असतां, तेथील एका हॉटेलांत त्यांनीं आपल्या दोघां स्नेह्यांसह या खेळाचे नियम बसविले, आणि १९६३ सालीं ओकलंड येथें पहिलें मंडळ सुरू झालें. कल्पना अशी कीं, मंडळांतील प्रत्येक सभासदानें निरनिराळ्या खऱ्या संघांतून खेळाडू वेंचून आपला एक मानीव संघ करावा. ते खेळाडू खऱ्या मैदानांत जी कामगिरी करतील तिचे ठराविक गुण आपल्या खात्यांत मांडावे. आणि ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. खेळाडू घाम गाळणार अमेरिकेच्या मैदानावर, आणि जमाखर्च चालणार पुण्याच्या माडीवर!

गुणांची रीत मंडळागणिक थोडी बदलते. परंतु सामान्यतः धांवून किंवा झेलून मिळविलेल्या दर १० वारांस १ गुण, टचडाउनास ६ गुण, आणि कित्येक ठिकाणीं झेललेल्या प्रत्येक चेंडूस १ गुण असें मानतात. एक उदाहरण घेऊं. ख्रिश्चन मॅक्कॅफ्री या रनिंग बॅकनें २०१९ च्या हंगामांत कॅरोलायना संघाकडून धांवून १,३८७ वार आणि झेलून १,००५ वार मिळविले, ११६ चेंडू झेलले आणि १९ टचडाउन केले. आतां पाटी घ्या. धांवण्याचे १३८.७, झेलून धांवण्याचे १००.५, टचडाउनांचे ११४ आणि झेलांचे ११६; किरकोळ बाबी सोडून एकूण ४६९.२. इतके गुण एका हंगामांत मिळविणारा रनिंग बॅक विरळाच.

साधा खेळ एका हंगामापुरता असतो. पुढच्या वर्षीं सर्व खेळाडू परत करून नव्यानें निवड करावयाची. परंतु आमच्या भगिनींचीं नातवंडें खेळतात तो प्रकार 'डायनॅस्टी', म्हणजे राजघराण्याचा. त्यांत एकदां घेतलेला खेळाडू, तो खेळत आहे आणि मालक त्यास सोडीत नाहीं तोंपर्यंत, त्याच मालकाकडे राहतो. दरवर्षीं महाविद्यालयांतून नवे खेळाडू व्यावसायिक संघांत येतात, तेवढ्यांचीच नवी वांटणी होते, आणि तींत बहुधा तळाच्या संघास पहिली निवड मिळते. खेळाडूंची व पुढील वर्षांच्या निवडींचीहि अदलाबदल करतां येते. एका वर्षाच्या खेळांत झाडावर आज किती आंबे आहेत एवढें पाहिलें तरी भागतें. येथें झाडाचें वय पाहावें लागतें, आणि खोडास कीड आहे कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें.

मोल ठरवितांना पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही कीं, गुणांची बेरीज म्हणजे मोल नव्हे. बाराजणांच्या मंडळांत प्रत्येकास एकच क्वार्टरबॅक उतरवावयाचा असतो असें धरा. पहिल्या प्रतीचा क्वार्टरबॅक हंगामांत ३६० गुण मिळवितो, आणि कोणाच्याच संघांत नसलेला, केव्हांहि फुकट उचलतां येण्याजोगा तेरावा गडी २८० मिळवितो. म्हणजे पहिल्यामुळें मालकाचा खरा लाभ ८० गुणांचाच झाला. उलटपक्षीं रनिंग बॅक प्रत्येकास दोन-तीन लागतात आणि चांगले थोडे असतात. तेथें पहिल्या प्रतीचा ३०० गुण मिळवीत असेल आणि फुकट मिळणारा १३०, तर लाभ १७० चा झाला. हे आंकडे आम्हीं केवळ समजुतीकरितां घेतले आहेत. परंतु त्यांतील मर्म खरें आहे. ३६० हून ३०० लहान असले तरी ३०० वाला अधिक मोलाचा ठरला. या फरकास आपण 'वरकड गुण' म्हणूं. पुढील सर्व हिशेब वरकड गुणांचाच करावयाचा.

दुसरी गोष्ट, गुण कशाच्या बळावर मिळाले हें फोड करून पाहणें. प्रत्येक खेळाडूच्या बेरजेंत तीन धागे विणलेले असतात. पहिला, त्याच्या वांट्यास आलेलें काम: किती वेळां त्याच्या हातीं चेंडू दिला, किती वेळां त्याच्याकडे फेंकला. दुसरा, त्याचें कसब: दर खेपेस त्यानें किती वार मिळविले. तिसरा, टचडाउन. यांपैकीं कामाची वांटणी एका वर्षाहून दुसऱ्या वर्षीं पुष्कळ अंशीं सारखी राहते, कारण ती शिक्षकाच्या विश्वासावर अवलंबून असते. कसबाचा आंकडा त्याहून अधिक हेलकावे खातो. आणि टचडाउनांचा आंकडा सर्वांत चंचल; कारण रेघेपासून दोन वारांवर चेंडू कोणाच्या हातीं पडावा यांत योगायोगाचा वांटा मोठा असतो. म्हणून ज्याची बेरीज कामानें फुगली आहे त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवावा, आणि ज्याची बेरीज टचडाउनांनीं फुगली आहे त्याच्याकडे सावधपणें पाहावें.

तथापि यांतहि एक मेख आहे. ट्रेंट रिचर्ड्सन हा रनिंग बॅक २०१२ सालीं सर्व नवागतांत तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्याच हंगामांत क्लीव्हलंड संघानें त्याच्या हातीं २६७ वेळां चेंडू दिला. त्यानें ९५० वार आणि धांवून ११ टचडाउन मिळविले. मानीव खेळाच्या बेरजेंत तो ठळकपणें चमकला, आणि अनेकांनीं त्याला आपल्या घराण्याचा आधारस्तंभ मानलें. परंतु ९५० स २६७ नीं भागा: दर खेपेस साडेतीन वारांच्या आंतबाहेर. हें कसब सामान्यच होतें. काम भरपूर मिळालें म्हणून बेरीज मोठी दिसली. दुसऱ्या वर्षींच त्याला इंडियानापोलिस संघाकडे देण्यांत आलें, तेथें दर खेपेची सरासरी तीन वारांच्याहि खालीं गेली, आणि २०१४ नंतर तो या लीगमध्यें पुन्हां खेळला नाहीं. कसब नसेल तर आज मिळालेलें काम उद्यां काढून घेतलें जातें. म्हणून काम पाहावें तें येत्या वर्षाच्या अनुमानाकरितां, आणि कसब पाहावें तें काम पुढें टिकेल कीं नाहीं हें समजण्याकरितां.

तिसरी गोष्ट, अल्प अनुभवावरून मोठा सिद्धांत करूं नये. क्रिकेटच्या उदाहरणानें हें आमच्या वाचकांस लवकर पटेल. डॉन ब्रॅडमन यांची कसोटींतील सरासरी ९९.९४; परंतु वेस्ट इंडीजचे अँडी गँटोम यांची सरासरी ११२. कारण १९४८ सालीं ते एकच कसोटी सामना, एकच डाव खेळले, आणि त्यांत त्यांनीं ११२ धांवा केल्या! यावरून गँटोम ब्रॅडमनहून थोर होते असें कोणी म्हणणार नाहीं. फुटबॉलचा हंगाम १६-१७ सामन्यांचा, म्हणजे तोहि लहानसाच. त्यांत असामान्य दिसणारा आंकडा पुढच्या हंगामांत सरासरीकडे झुकतो. इंग्लंडांतील फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८८६ सालीं आईबाप आणि मुलें यांच्या उंचीची मोजमापें प्रसिद्ध करून दाखविलें कीं, फार उंच आईबापांचीं मुलें उंच असतात खरीं, पण सरासरीनें आईबापांइतकीं नसतात. तोच न्याय येथें. पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकनें २०१८ सालीं ५८० वेळां चेंडू फेंकून ५० टचडाउन साधले, म्हणजे शंभरांत साडेआठांहून अधिक. पुढच्या वर्षीं ४८४ फेंकींत २६, म्हणजे शंभरांत साडेपांचांहूनहि कमी. त्याचा हात बिघडला होता काय? मुळींच नाहीं, त्याच हंगामाच्या अखेरीस त्याच्या संघानें सर्वोच्च अजिंक्यपद मिळविलें. खेळाडू तोच होता. ५० हा आंकडा मात्र त्याच्या नेहमींच्या मापाहून मोठा होता. म्हणून एका उत्तम वर्षाचे गुण जसेच्या तसे पुढें ओढूं नयेत. मागच्या दोन-तीन वर्षांशीं आणि इतरांच्या सरासरीशीं त्यांची सांगड घालून मग अनुमान करावें.

चौथी गोष्ट वयाची, आणि दीर्घकालीन मोलांत हीच सर्वांत निर्णायक. रनिंग बॅकास दर खेपेस धिप्पाड गड्यांचे आघात सोसावे लागतात. त्यामुळें साधारणपणें त्याचा बहर बाविसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत, आणि पुढें उतरण. झेलणाऱ्याचा बहर उशिरां येतो व तिशीच्या सुमारापर्यंत टिकतो. क्वार्टरबॅकचें काम नजरेचें व बुद्धीचें असल्यामुळें तो पस्तिशीपर्यंतहि सहज जातो. टॉड गर्ली या रनिंग बॅकनें २०१७ सालीं धांवून व झेलून मिळून २,०९३ वार आणि १९ टचडाउन केले. २०१८ च्या जुलैमध्यें त्याच्या संघानें त्याच्याशीं चार वर्षांचा, सहा कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. आणि त्या हंगामांत त्यानें १४ सामन्यांत २१ टचडाउन केले. परंतु महाविद्यालयांत असतांनाच त्याचा गुडघा एकदां जायबंदी झाला होता. २०२० च्या मार्चमध्यें त्याच संघानें त्याला मोकळें केलें, आणि दुसऱ्या संघांतला २०२० चा हंगाम हा त्याचा शेवटचा ठरला. त्या वेळीं त्याचें वय अवघें २६ होतें. उलट जेरी राइस या झेलणाऱ्यानें २००२ सालीं, चाळिशी गांठली असतां, १,२११ वार मिळविले. आणि टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकनें २०२१ सालीं, ४४ वर्षांचा असतां, ५,३१६ वार फेंकले.

येथें वाचकांस एका फसव्या सरासरीविषयीं सावध करणें आम्हांस अवश्य वाटतें. कोणी म्हणेल, "बत्तीस वर्षांच्या रनिंग बॅकांची सरासरी काढली तर ती कांहीं वाईट येत नाहीं, मग वयाचा बाऊ कशाला?" आमच्या शाळेच्या पहिल्या वर्गांत मुलें पुष्कळ येत आणि शेवटच्या वर्गांत त्यांतलीं थोडींच उरत, नापास झालेलीं व शाळा सोडून गेलेलीं मधल्या मधें गळत. शेवटच्या वर्गाची सरासरी पाहून वयाबरोबर सर्वच मुलांची बुद्धि वाढते असा निष्कर्ष कोणीं काढला, तर गळालेल्या मुलांस तो विसरला असेंच म्हणावें लागेल. बत्तिसाव्या वर्षीं जे रनिंग बॅक मैदानावर दिसतात ते गाळणींतून उरलेले वज्रदेही पुरुष होत. जे सत्ताविसाव्या वर्षीं घरीं बसले त्यांचे त्या सरासरींत शून्य गुणहि मांडलेले नसतात. हिशेब करावयाचा तो गळालेल्यांचीं शून्यें धरून करावा.

अपवाद नाहींत काय? आहेत, आणि ते मोठे मनोरम आहेत. फ्रँक गोर याच्या दोन्ही गुडघ्यांवर महाविद्यालयांतच शस्त्रक्रिया झाल्या. २००५ सालीं त्याला ६५ व्या क्रमांकावर घेतलें. आणि तो सोळा हंगाम खेळून, ३७ वर्षांचा होऊन, बरोबर १६,००० वार पदरीं बांधून निघाला. वर सांगितलेला मॅक्कॅफ्री आपल्या ४६९ गुणांच्या वर्षानंतर २०२० सालीं तीनच सामने खेळूं शकला, २०२१ सालीं सातच. पुष्कळांनीं त्याच्या नांवावर पाणी सोडलें. तोच २०२३ सालीं, सॅन फ्रान्सिस्को संघांत, १,४५९ वारांसह साऱ्या लीगमध्यें धांवण्यांत पहिला आला. आणि लगेच पुढच्या वर्षीं चारच सामन्यांत दिसला. म्हणून आंकडेशास्त्र भविष्य सांगतें असा समज कोणींहि करून घेऊं नये. शंभर गर्ली आणि गोर यांच्या गर्दींतून किती गर्ली व किती गोर निघतील एवढेंच तें सांगतें. अमुक एक मनुष्य कोणत्या बाजूस जाईल हें सांगत नाहीं.

आतां या सर्वांचा मेळ घालणारें एक गणित करूं. गणित अगदीं घरगुती आहे. आज हातांत पडणारा रुपया आणि चार वर्षांनीं मिळावयाचा रुपया यांचें मोल एक नसतें, हें व्याजाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. भास्कराचार्यांनीं 'लीलावतीं'तील मिश्रक-व्यवहारांत मुद्दल व व्याज यांचीं उदाहरणें शिकविलीं त्यास पावणेनऊशें वर्षें होऊन गेलीं. तोच विचार गुणांस लावावयाचा. समजा, 'क' हा सत्तावीस वर्षांचा नामांकित रनिंग बॅक आहे. त्याचे वरकड गुण यंदा १२०, पुढच्या वर्षीं ७०, तिसऱ्या वर्षीं २५, आणि पुढें शून्य येतील असें आपलें अनुमान आहे. 'ख' हा बावीस वर्षांचा झेलणारा आहे. त्याचे अनुक्रमें ४०, ७०, ९०, ९० आणि ८० येतील असें वाटतें. दर वर्षाच्या विलंबास आपण पंचमांश सूट कापूं. म्हणजे पुढच्या वर्षाच्या १०० गुणांस आजचे ८०, त्यापुढील वर्षाच्या १०० गुणांस ६४, याप्रमाणें. मग 'क'चें मोल १२० अधिक ५६ अधिक १६, म्हणजे १९२. 'ख'चें मोल ४० अधिक ५६ अधिक ५७.६ अधिक ४६.१ अधिक ३२.८, म्हणजे सुमारें २३२. 'ख' सरस ठरला.

परंतु ज्याचा संघ यंदाच जिंकण्याच्या बेतांत आहे, त्याला पुढच्या वर्षाची तितकी पर्वा नसते. तो निम्मी सूट कापील. त्याच्या पाटीवर 'क' १२० अधिक ३५ अधिक सव्वासहा, म्हणजे १६१. आणि 'ख' ४०, ३५, साडेबावीस, सव्वाअकरा व पांच मिळून ११४ च्या आंत. तेथें 'क' सरस! दोन्ही गणितें बरोबर आहेत. खेळाडू तेच, अनुमानें तींच. मालकाची निकड निराळी म्हणून मोल निराळें. यामुळेंच अदलाबदलींत दोघांचाहि लाभ होऊं शकतो, आणि एकानें दुसऱ्यास फसविलेंच पाहिजे असें नाहीं. ही गोष्ट भावाभावांच्या व्यवहारांत फार मोलाची आहे.

आणखी एक पायरी राहिली. 'ख'चीं पुढचीं वर्षें अजून उजाडावयाचीं आहेत. तो नांवारूपास येईल याची खात्री तिनांत दोन इतकीच वाटत असेल, आणि न आल्यास पदरांत कांहींच पडणार नसेल, तर २३२ चे १५५ होतात, आणि सावकाशीनें चालणाऱ्या मालकाच्या पाटीवरहि तो 'क'च्या खालीं जातो. तारुण्य म्हणजे गुण नव्हेत. ती गुणांची आशा आहे, आणि आशेसहि भागाकार लावावा लागतो. अर्थात 'क'लाहि दुखापतीचा भागाकार लावावयास विसरूं नये.

आतां आमच्या भगिनींच्या नातवाविषयीं. त्याचा संघ तळाशीं आहे, म्हणजे त्याला यंदाच्या गुणांची निकड नाहीं. एक थोर रनिंग बॅक आणून तो फार तर शेवटून तिसरा येईल. आणि दोन वर्षांनीं तो खेळाडू ओसरला म्हणजे त्याच्यापाशीं तरुणहि नसतील आणि निवडीहि नसतील. त्यानें नेमकें उलट करावें. आपल्याकडे जे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे रनिंग बॅक अजून नांव राखून असतील, ते जिंकण्याच्या बेतांत असलेल्या भावंडास द्यावे, आणि त्यांच्या मोबदल्यांत कसब दाखविलेले तरुण झेलणारे व पुढील वर्षांच्या निवडी घ्याव्या. तळाशीं असल्यामुळें त्याची स्वतःची निवडहि वरचीच असणार; ती मुळींच देऊं नये. यास दोन-तीन वर्षें लागतील, आणि तेवढा काळ हरण्याची तयारी ठेवावी लागेल. घरांतील वडील मंडळीनें त्याला हेंहि सांगावें कीं, डायनॅस्टी मंडळें मोडतात तीं बहुधा अशाच रीतीनें: एकजण अधीर होऊन पुढचीं सारीं वर्षें विकून बसतो, मग निर्धन झालेला संघ टाकून निघून जातो, आणि त्या पोरक्या संघास दुसरा मालक मिळत नाहीं. अकराजणांचा खेळ बाराव्याच्या अधीरपणानें बसतो. ज्या भावंडांस जोडणारा हाच एक धागा उरला आहे त्यांच्या बाबतींत हें नुकसान गुणांत मोजतां येणारें नाहीं.

हा जुगार आहे काय, असेंहि कोणी विचारील. पैसा लावून ऑनलाइन खेळविल्या जाणाऱ्या खेळांनीं आपल्याकडे कित्येक घरांस चटका लावला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या संसदेनें अशा खेळांस मनाई करणारा कायदा केला, हें वाचक जाणतातच. एका दिवसाच्या सामन्यावर पैसा लावणाऱ्यास वर सांगितलेल्या चार गोष्टींचा फारसा उपयोग नसतो. इतक्या लहान अवधींत योगायोगच बलवान. या मुलांच्या मंडळांत पैसा नाहीं, आणि निकाल वर्षांच्या मापानें लागतो. पैसा नसावा हा नियम त्यांनीं पुढेंहि कडकपणें पाळावा, असा आमचा आग्रह आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण 'उतरण', 'सूट', 'भागाकार' हे शब्द ज्यांच्यासंबंधानें वापरले ते जिवंत तरुण आहेत. गर्लीचा गुडघा ही आपल्या तक्त्यांतील एक उणी बाब असेल. त्याला मात्र त्या गुडघ्यानें उरलेलें आयुष्य चालावयाचें आहे. सव्विसाव्या वर्षीं खेळाडूचें मोल संपलें असें आपण म्हणतों तेव्हां मानीव खेळांतील मोल संपलें एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलांस गुणपत्रिका देऊन आम्हीं निरोप दिला, त्यांतील कित्येकांचें आयुष्य त्या कागदाहून पुष्कळ निराळें निघालेलें आम्हीं पाहिलें आहे. आंकडा ज्या कामासाठीं काढला त्याच कामापुरता वापरावा.

ज्या तरुण वाचकांस हा अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं एक वही घालावी. हंगाम सुरू होण्यापूर्वीं दहा खेळाडूंचीं नांवें लिहून, प्रत्येकाचें वय, मिळालेलें काम, दर खेपेचें कसब आणि टचडाउन असे चार रकाने भरावे. पांचव्या रकान्यांत पुढील तीन वर्षांच्या वरकड गुणांचें आपलें अनुमान तारखेसह मांडावें, आणि वही मिटून ठेवावी. तीन वर्षांनीं ती उघडून अनुमान व घडलेली गोष्ट शेजारीं-शेजारीं ठेवावी. मनांत ठेवलेलें अनुमान घटना घडल्यावर हळूच आपला आकार बदलतें, आणि "मला हें ठाऊकच होतें" असें म्हणूं लागतें. शाईनें लिहिलेल्या अनुमानास तशी सोय नसते. ज्यांनीं अशा वह्या घातल्या असतील त्यांनीं आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा.